टॉवेलला वास, मशीनला फेस

पत्र: "आमच्याकडे सात किलोचं फ्रंट लोड मशीन आहे, तीन वर्षं झाली. पहिली दोन वर्षं काही तक्रार नव्हती. गेल्या पावसाळ्यापासून दार उघडलं की कुबट वास येतो आणि आता तो टॉवेलांनाही लागलाय. वाळलेला टॉवेल ठीक असतो, अंग पुसायला घेतला की वास सुटतो. दाराच्या रबरावर काळे ठिपके आलेत. आम्ही वाघोलीला राहतो, सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. हाताने कपडे धुवायची नेहमीची पावडर दोन मोठे चमचे घालते, शिवाय सॉफ्टनर. वास यायला लागल्यापासून दोन्ही जरा जास्तच. वेळ वाचतो म्हणून रोज गार पाण्याचा १५ मिनिटांचा प्रोग्रॅम लावते. सासूबाई म्हणतात, फेस आला नाही तर कपडे निघतील कसे? व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घालून पाहिला, चार दिवस बरं वाटलं. दुरुस्तीला आलेला माणूस ड्रम बदला म्हणतो. सासूबाईंनी आणलेली चार किलो पावडर अजून शिल्लक आहे, तिचं काय करू?"
– एक वाचक, वाघोली, पुणे

ताई, ड्रम बदलायची घाई करू नका. ड्रम बिघडल्याची लक्षणं वेगळी असतात. मशीन रिकामं असताना ड्रम आतून हाताने धरून वर-खाली हलवून पाहा. तो रबराच्या मानाने ढिला हलत असेल, पिळताना गाडी दगडांवरून गेल्यासारखा खडखडाट होत असेल, तर मागचं बेअरिंग किंवा ड्रमला धरून ठेवणारी तिकाटणी गेली असं समजा. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. तुमचं मशीन धडधाकट आहे, फक्त आतून साबणाने लिंपलं गेलंय.

वास दुणावला तेव्हा तुम्ही पावडर आणि सॉफ्टनर दोन्ही वाढवलंत. कोणीही हेच केलं असतं, पण त्यानेच दुखणं वाढलं. तुम्ही जो स्टीलचा ड्रम बघता, त्याच्या बाहेर प्लॅस्टिकचा एक मोठा टब असतो आणि पाणी त्यात साठतं. दोन्हींच्या मधली जागा दिसत नाही आणि तिथे हातही पोचत नाही. न विरघळलेली पावडर, सॉफ्टनरचा स्निग्ध थर, अंगाचं तेल, कपड्यांचे धागे आणि जड पाण्यातला चुना हे सगळं तिथे बसतं. त्यावर जीवाणू आणि बुरशी वस्ती करतात. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळं धरतं तसा हा बुळबुळीत थर असतो. गार पाण्याने तो निघत नाही आणि प्रत्येक धुण्यात थोडा थोडा कपड्यांवर उतरतो.

टॉवेल कोरडा असताना गप्प आणि ओला झाला की बोलका, ही तुमची खूण अचूक आहे. २०१२ साली जपानमधल्या संशोधकांनी धुतलेल्या कपड्यांच्या या कुबट वासामागे मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू असल्याचं दाखवलं. कपडा वाळला म्हणून तो मरत नाही. ओल मिळाली की धाग्यात उरलेल्या तेलावर आणि घामावर पुन्हा कामाला लागतो. म्हणून टॉवेल उन्हात कडकडीत वाळवूनही वास परत येतो.

आता सासूबाईंच्या फेसाबद्दल. बादलीत किंवा दगडावर धुताना त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तिथे फेस दिसला की साबण पाण्याला पुरून उरला, हे कळायचं. फ्रंट लोड मशीनमध्ये कपडे वर उचलले जातात आणि खाली आपटतात. धोब्याने दगडावर आपटावं तसं ते आपटणंच मळ सोडवतं. फेस झाला की तो उशीसारखा मधे येतो आणि कपडे आपटायचे तिथे नुसते घरंगळतात. शिवाय या मशीनमध्ये धुण्याच्या वेळी पाणी अगदी कमी असतं, साधारण १५ लिटरच्या आसपास, आणि खळबळण्यालाही बेताचंच. एवढ्या पाण्यात हाताच्या पावडरीचा फेस निघून जात नाही. काही मशीनं फेस ओळखतात आणि आपणहून जास्तीचं खळबळणं लावतात. ४० मिनिटांचा प्रोग्रॅम तासभर चालतोय, पिळणी मधेच थांबतेय असं होत असेल तर कारण हेच.

मशीनसाठी 'मॅटिक' म्हणून मिळते ती पावडर घ्या, आणि पुड्यावर 'फ्रंट लोड' लिहिलेलं बघून घ्या. तिच्यात फेस दाबणारे घटक असतात. 'टॉप लोड' वेगळी असते आणि तिला फेस जास्त येतो. फ्रंट लोडची पावडर टॉप लोडमध्ये चालून जाते, उलट करू नका. रिठ्याचं पाणी नैसर्गिक म्हणून मशीनमध्ये घालायचा सल्ला हल्ली फार फिरतो. रिठा फेसासाठीच तर वापरतात, तो बादलीतच शोभतो.

पावडर की लिक्विड? तुमच्या पाण्याला पावडर. पावडरीत जड पाण्याला आवर घालणारे क्षार असतात, आणि काही पावडरींमध्ये ऑक्सिजन सोडणारं ब्लीचही असतं, जे जीवाणूंवर चालतं. लिक्विडमध्ये असं ब्लीच टिकत नाही. नुसतं लिक्विड आणि सदा गार पाणी अशी सवय असलेल्या घरांत मशीनला वास धरतो, तो यामुळेच. रंगीत, नाजूक कपड्यांना लिक्विड बरं. रेशीम आणि लोकर मात्र दोन्हींपासून लांब ठेवा. साध्या डिटर्जंटमधलं एक एन्झाइम प्रथिनं तोडतं आणि रेशीम-लोकर म्हणजे प्रथिनच. त्यांना वेगळं सौम्य लिक्विड मिळतं.

किती घालायची? तुमचा 'मोठा चमचा' एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, शिगोशीग भरल्यावर किती ग्रॅम होतो ते. बहुतेक दचकाल. पाच किलोच्या आसपास, बेताने मळलेले कपडे असतील तर ५० ग्रॅम मॅटिक पावडरपासून सुरुवात करा. लिक्विड असेल तर ४० मिलि. अर्ध्या ड्रमला ३० ते ३५ ग्रॅम पुरे. पाणी फारच जड असेल तर त्यावर १०-१५ ग्रॅम वाढवा. पुड्यावरचं माप आणि हे माप यात फरक दिसला तर पुड्यावरचं धरा, कारण प्रत्येक पावडरीचा कस वेगळा. खरी परीक्षा काचेतून होते. धुणं सुरू झाल्यावर १५ मिनिटांनी पाहा. फेस काचेच्या तळाशी, फार तर पाव-तिसऱ्या भागापर्यंत दिसावा. अर्ध्याच्या वर गेला तर पुढच्या वेळी १० ग्रॅम कमी. अजिबात दिसला नाही आणि कॉलरचा मळ तसाच राहिला तर १० ग्रॅम जास्त. तीन-चार खेपांत तुमच्या पाण्याचं माप सापडतं.

पाणी किती जड आहे ते घरीच कळतं. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एक नळाच्या पाण्याने अर्धी भरा, दुसरी पावसाच्या पाण्याने (पागोळीचं नको, उघड्यावर पातेलं ठेवून धरलेलं). दोन्हीत अंगाच्या साध्या साबणाचा किस चिमूटभर टाकून वीस वेळा हलवा. पावसाच्या पाण्यात फेस उभा राहील. नळाच्या पाण्यात फेस बसून वर दह्याच्या कणांसारखी साय आली, तर पाणी जड. ती साय म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा गाळ, आणि तसाच थर तुमच्या टबच्या पाठीला बसलाय. सोसायटीने पाण्याची तपासणी केली असेल तर तो कागद मागून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक मानतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या बोअरला २०० ओलांडणं अवघड नाही. टँकरचं पाणी दर खेपेला बदलतं, म्हणून कधी फेस फार आणि कधी कमी असंही होईल. गोंधळून जाऊ नका.

सॉफ्टनर टॉवेलांना बंद करा, आजपासून. तो धाग्यावर मेणचट थर देतो, टॉवेल पाणी टिपेनासा होतो आणि तो थर जीवाणूंचं खाणं होतो. घालायचाच असेल तर शर्ट-चादरींना, कप्प्यातल्या कमाल रेषेच्या खाली. रेषेच्या वर भरला की तो लगेच खाली वाहतो, पावडरीशी गाठ पडते आणि दोघंही एकमेकांना निकामी करतात. टॉवेल खरखरीत होतात ते जड पाण्यामुळे. त्याला उपाय म्हणजे लिंबूसत्त्वाचा एक छोटा चमचा अर्धा कप पाण्यात पूर्ण विरघळवून सॉफ्टनरच्या कप्प्यात घालणं.

आता मशीनची साफसफाई. दोन दिवसांचं काम आहे, आणि क्रम बदलू नका.

आधी खालचा फिल्टर. प्लग काढा. पुढच्या बाजूला तळाशी, बहुधा उजव्या कोपऱ्यात, छोटं झाकण असतं. खाली पसरट ताट आणि जुना पंचा ठेवा, एक-दोन लिटर पाणी नक्की येतं. शेजारी बारीक नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी आधी सोडा. मग फिल्टर डावीकडे फिरवून सावकाश काढा. नाणी, हेअरपिना, चड्डीची नाडी, तांदळाचे दाणे, आणि एक काळा लगदा सापडेल. निम्मा वास या लगद्याचा असतो. आत बॅटरी मारून पंपाचं पातं मोकळं फिरतंय ना ते पाहा. परत लावताना आटे नीट बसू द्या, नाहीतर पहिल्याच धुण्याला घरभर पाणी. आधी गरम पाण्याचं धुणं झालं असेल तर तासभर थांबून मगच उघडा.

मग पावडरीचा खण. मधली कळ दाबली की तो पूर्ण बाहेर येतो. सॉफ्टनरच्या कप्प्यातलं टोपण वेगळं निघतं, त्याच्याखाली काळं चिकट साचलेलं असतं. गरम पाणी आणि जुना टूथब्रश पुरेसा आहे. खण बसतो त्या पोकळीच्या छतालाही ब्रश मारा, पाणी तिथूनच पडतं आणि बुरशी तिथेच लटकते. खणात दर वेळी पावडरीचा गोळा उरत असेल तर पाण्याचा जोर कमी आहे. नळ बंद करून मशीनच्या मागची पाण्याची नळी सोडवा, आतली छोटी जाळी पकडीने ओढून काढा. टँकरच्या गाळाने ती तुंबलेली असण्याची शक्यता दाट आहे.

तिसरं, दाराचं रबर. खालची घडी बोटांनी उलगडा आणि आतला लगदा फडक्याने काढा. घडीच्या तळाला दोन-तीन बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. काळ्या ठिपक्यांसाठी बाजारात मिळणारं क्लोरीनचं पांढरं ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग. हातमोजे घाला, खिडकी उघडा, त्यात भिजवलेलं फडकं घडीत १५ मिनिटं दाबून ठेवा, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या. रबराच्या आत मुरलेले डाग जाणार नाहीत. वास जातो, डागांचं एवढं मनावर घेऊ नका. हे ब्लीच फक्त रबरापुरतं. ड्रममध्ये ओतलं तर मागची अ‍ॅल्युमिनियमची तिकाटणी खाल्ली जाते. आणि त्याच्याशी व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. पुसून झालं की रिकामं मशीन एकदा नुसतं खळबळून काढा.

मग ड्रम. सोडियम परकार्बोनेट नावाची पांढरी दाणेदार पूड ऑनलाइन मिळते, ऑक्सिजन ब्लीच या नावानेही. पाण्यात पडली की तिचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. ती १०० ग्रॅम थेट रिकाम्या ड्रममध्ये टाका आणि ६० अंशांचा सर्वांत लांब कॉटन प्रोग्रॅम लावा. 'टब क्लीन' असेल तर तोच. पाणी तापलं की, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने, मशीन थांबवून तासभर तसंच मुरू द्या, मग पुढे चालू करा. साबण अजिबात घातलेला नसताना काचेवर फेस चढला तर चकित होऊ नका, ती तीन वर्षांची जमा आहे. तपकिरी-काळे पापुद्रेही येतील. ते आले तर संपल्यावर फिल्टर पुन्हा बघा आणि हाच प्रोग्रॅम आणखी एकदा चालवा.

दुसऱ्या दिवशी चुन्यासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, १०० ग्रॅम. ड्रममध्ये टाकून ४० अंशांवर चालवा. इथे जास्त गरम पाणी नको. तापलेल्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा गाळ खाली बसायला लागतो आणि चुना जाऊन त्या जागी दुसरा थर येतो. शेवटी एकदा नुसतं खळबळणं. आधी स्निग्ध थर आणि मग चुना असा क्रम यासाठी की चिकट पापुद्र्याखालच्या चुन्यापर्यंत आम्ल पोचत नाही. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत कंपनीचीच पूड वापरा म्हटलं असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर तीच वापरा.

आणि तुमचं व्हिनेगर-खायचा सोडा? एक आम्ल, एक अल्कली. एकत्र आले की फसफसतात, आणि ती फसफस संपल्यावर उरतं खारट पाणी. चार दिवस बरं वाटलं ते बहुधा मशीन एकदा रिकामं फिरल्यामुळे. व्हिनेगर दर आठवड्याला ओतत राहिलं तर काही रबरं खराब होऊ शकतात, तेव्हा तेही नको. डांबराच्या गोळ्या आणि कापूर ठेवून वास फक्त झाकतो.

एवढं सगळं करूनही दोन दिवस बंद मशीनमधून सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो गटाराचा. आपल्याकडे मशीनची नळी सर्रास बाथरूमच्या नहाणीत, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या भोकात, सोडून दिलेली असते. तिचं टोक तिथल्या घाण पाण्यात बुडालेलं नसावं आणि वाटेत नळी जमिनीपासून ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवरून वळवून आणलेली असावी. नाहीतर पाणी आपोआप ओढलं जातं, किंवा गटाराची हवा नळीतून वर येते. गावाला जाऊन आलात की नहाणीत आधी तांब्याभर पाणी ओता. जाळीखाली दीड-दोन इंच पाणी साठून राहतं, ते गटाराची हवा अडवतं, आणि तेच वाळून गेलेलं असतं.

आधीच वास धरलेल्या टॉवेलांना वेगळं बसवा. पाच लिटर हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात एक मोठा चमचा परकार्बोनेट, साधारण १५ ग्रॅम, विरघळवून त्यात दोन तास भिजत ठेवा आणि मग ६० अंशांवर पावडर घालून धुवा. पक्क्या रंगाच्या सुती कपड्यांनाच हे करा. रंगाची शंका असेल तर कोपरा आधी भिजवून पाहा.

रोजच्या वापरात १५ मिनिटांचा प्रोग्रॅम सोडा. तो दोन किलोपर्यंतच्या, नुसते घामेजलेल्या कपड्यांसाठी असतो. एवढ्या वेळात गार पाण्यात पावडर धड विरघळतही नाही. रोजचे कपडे ४० अंशांवर पूर्ण प्रोग्रॅमने, टॉवेल आणि अंथरुणं आठवड्यातून एकदा ६० वर. ड्रम भरताना वर आडवा हात बसेल एवढी जागा ठेवा. विजेचं म्हणाल तर रोज अर्धा ड्रम लावण्याऐवजी एक दिवसाआड भरलेला ड्रम लावलात की हिशोब बराचसा जुळतो. मात्र ओले, घामट कपडे ड्रममध्ये साठवू नका, जाळीच्या टोपलीत ठेवा.

मशीन संपल्याचा आवाज आला की पावसाळ्यात तासाभराच्या आत कपडे बाहेर. रात्री लावून सकाळी काढणं हेच वासाचं बी. काढल्यावर रबराची घडी फडक्याने पुसा, दार चार बोटं उघडं ठेवा, खणही ओढून ठेवा. घरात लहान मूल असेल तर दार उघडं ठेवताना बाथरूमला कडी घाला, मुलं आत शिरायला बघतात. आषाढ-श्रावणात कपडे दोरीवर दाटीवाटीने न घालता मधे बोटभर अंतर सोडून पंख्याखाली वाळवा आणि टॉवेल एकदा जादा पिळून घ्या. फिल्टर महिन्याला, परकार्बोनेटचा गरम फेरा महिन्याला, लिंबूसत्त्व तुमच्या पाण्याला तीन महिन्यांनी.

टॉप लोडवाल्यांसाठी थोडक्यात: हीटर नसेल तर गीझरचं गरम पाणी बादलीने ओता, टब सर्वांत वरच्या पातळीपर्यंत भरा, १५० ते २०० ग्रॅम परकार्बोनेट घालून पाच मिनिटं फिरवा, दोन तास मुरवा, मग काढा. आतली धाग्यांची पिशवी दर धुण्याला रिकामी करा.

राहिली सासूबाईंची चार किलो पावडर. ती फेकायची गरज नाही आणि त्यांना वाईट वाटायचंही कारण नाही. पायपुसणी, फरशीची फडकी, स्वयंपाकघरातली तेलकट हातपुसणी बादलीत भिजवायला ती उत्तम आहे. मुलांच्या गणवेशाच्या कॉलरींना चिमूटभर ओली करून ब्रशने घासायलाही हरकत नाही, फक्त ते कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी नळाखाली चांगले खळबळून घ्या.